पट्टीचं शेपूट

टेबलावर होतं ते एवढं. हातात मावणारा एक गेम, पाठ वर करून ठेवलेला. त्या पाठीवर सात स्क्रू, सहा तीन पाकळ्यांच्या खाचेचे आणि सातवा साध्या अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचा. चार्जर एक. मीटर एक, त्याचे दोन प्रोब, लाल आणि काळा. स्क्रू ठेवायला बर्फाचा रिकामा ट्रे, चौदा घरांचा. भिंगाचा दिवा. सातव्या स्क्रूच्या डोक्यावर लाल लाखेचा ठिपका. आणि त्या ठिपक्यातून मधोमध गेलेली एक चीर, केसाएवढी.

तो त्या चिरेकडे बघत राहिला. ठिपका त्याचाच होता. मागच्या खेपेला याच दिव्याखाली गेमच्या उजव्या बटणाखालची साखर धुऊन काढल्यावर त्याने पाठ बंद केली होती आणि शेवटच्या स्क्रूवर लाखेचा थेंब सोडला होता. ही सवय नोकरीतली. मोजमापाची उपकरणं तपासून देणाऱ्या एका प्रयोगशाळेत तो होता. लोकांचे वजनकाटे, मीटर, दाबमापकं त्याच्याकडे येत. तो ती खऱ्या मापाशी लावून बघे, जुळवून देई, झाकण लावी आणि स्क्रूवर लाल ठिपका ठेवी. ठिपका अख्खा म्हणजे आपल्यानंतर आत कुणाचा हात गेलेला नाही. चिरलेला म्हणजे गेला. अधलंमधलं काही नसतं. लाख पडण्या-आपटण्याने अशी चिरत नाही, उन्हानेही नाही. ती अशी चिरते ती खालचा स्क्रू फिरल्यावरच. त्याचे साहेब म्हणत, लाख खोटं बोलत नाही. माणसांबद्दल ते काही म्हणत नसत.

"बोकोबा, कुणी उघडला होता का गं हा?"

पलंगावर पालथी पडून त्याची मुलगी पुस्तक वाचत होती. बोकोबा हे तिचं तान्हेपणापासूनचं नाव, कारण ती रांगायची तीसुद्धा भिंतीच्या कडेकडेने, आवाज न करता. अकरा वर्षांची झाली तरी चाल तीच होती.

"कोण उघडणार?" ती म्हणाली.

"असंच विचारलं."

"सुरूच होत नाहीये, बाबा. बुधवारपासून. चार्जर लावला की दिवा एकदा लागतो आणि जातो. त्याच्या आधी पडला नव्हता, भिजला नव्हता." हे सगळं तिने पुस्तकातून नजर न काढता, ओळीने सांगितलं. आधी लक्षण, मग केव्हापासून, मग त्यापूर्वी काय घडलं. त्यानेच शिकवलेली रीत. एरवी हे ऐकून त्याची कॉलर ताठ झाली असती. आज त्याच्या कानात फक्त 'कोण उघडणार' एवढंच राहिलं. प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देणं ही तिच्या आईची खोड.

उघडला कोणी, हे तर उघडच होतं. मुलगी आईबरोबर राहायची त्या घरात स्क्रू काढायचे बारीक पाने, चिमटे, डोळ्याला लावायचं भिंग आणि हात न थरथरता काम करायची सवय, एवढं सगळं एकाच माणसाकडे होतं. तो माणूस दातांचा डॉक्टर होता. मुलगी त्याला काका म्हणे. याला स्वतःला सख्खा भाऊ नाही, चुलत नाही. आणि याच्या मुलीला घरबसल्या काका मिळाला होता. मनातल्या मनात तो त्याला दातवाला म्हणत असे. दातवाल्याबद्दल त्याला बरंच ठाऊक होतं. दातवाला संध्याकाळी सातला घरी येतो, चहात साखर घेत नाही, घोरतो, वर्तमानपत्राची घडी मोडत नाही, आणि दर रविवारी तिघांच्या बुटांना स्वतः पॉलिश करतो. तिघांच्या. हे सगळं त्याला मुलीकडूनच थोडं थोडं कळलं होतं, दर खेपेला चमचा-चमचा. तो काही खोदून विचारत नसे. निदान मोठ्या बहिणीला तरी त्याने तसंच सांगितलं होतं, ताई, मी विचारत नाही गं, आम्ही गप्पा मारतो. ताई फोनवर हसली होती. "तुझ्या गप्पा ऐकल्यात मी. पोलीसपण आधी पाणी हवं का विचारतात. लेक आहे ती तुझी, साक्षीदार नाही." त्यानंतर त्याने ताईला दोन महिने फोन केला नव्हता. ताईनेही केला नव्हता, म्हणजे तीही त्यांच्याच बाजूची.

त्याने सहा स्क्रू काढून ट्रेच्या सहा घरांत ठेवले, ज्या कोपऱ्यातला ज्या घरात. सातवा काढताना लाखेची खपली टेबलावर पडली. पाठ अलगद सुटली. आतलं सगळं जागच्या जागी होतं. बोर्ड, माशीच्या पंखाएवढी पातळ तार, डावीकडे बॅटरी, तिच्या कडेला तीन पितळी चकत्या. दातवाल्याची सफाई मानली पाहिजे, असं त्याला वाटलं, आणि असं वाटल्याचा राग आला. लोकांच्या जबड्यात हात घालून घालून माणसाला वाटायला लागतं की सगळ्याच पोकळ्या आपल्या. बायको त्याच्याकडे गेली होती ती अक्कलदाढ काढायला. अक्कलदाढ निघाली आणि बाकीचं सगळंही निघालं. हा विनोद त्याने एकदा प्रयोगशाळेत केला होता. कुणी हसलं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत त्याच्या टेबलाशी बसणारे दोघं खिडकीपाशी बसायला लागले होते.

"चार्जर," तो म्हणाला, "पाच पूर्णांक शून्य आठ."

"पाच पूर्णांक शून्य आठ," ती पलंगावरून म्हणाली.

हाही त्यांचा शिरस्ता. प्रयोगशाळेत एक जण आकडा उच्चारतो, दुसरा तोच परत उच्चारतो. ऐकण्यात चूक राहू नये म्हणून. मापाला शेरा जोडायचा नाही. चांगलं, वाईट, अरेरे, वा वा, काही नाही. मोजलं तेवढं सांगायचं आणि ऐकलं तेवढं सांगायचं. ती सहा वर्षांची असताना, तिघं एका घरात होते तेव्हा, हा खेळ सुरू झाला होता, आणि त्या घरातलं दुसरं काही टिकलं नाही तरी हा टिकला होता.

"फ्यूज, अख्खा."

"फ्यूज अख्खा."

त्याने बॅटरी उचलून बाहेर ठेवली. उघड्या बोर्डावर काम करताना बॅटरी आधी बाहेर, हा त्याचा नियम. सुईसारखी टोकं असलेले दोन्ही प्रोब त्याने कडेच्या चकत्यांवर दाबून धरले. "बॅटरी, तीन पूर्णांक ब्याण्णव."

पलंगावरून काही आलं नाही.

"बोकोबा?"

"किती?" तिने मान वर केली होती.

"तीन पूर्णांक ब्याण्णव. भरलेली आहे चांगली."

"तीन पूर्णांक ब्याण्णव," ती सावकाश म्हणाली, आणि पुन्हा पुस्तकात गेली. लक्ष आहे पोरीचं, त्याला वाटलं. बॅटरी चांगली म्हणजे दोष पुढे कुठेतरी, हे तिच्याही ध्यानात आलं असणार. रक्त कुठे जातं.

आणि ही अशी मुलगी, हिला पुढच्या महिन्यात विचारणार होते. सकाळी दारात तिच्या आईने सांगितलं ते तसंच छातीत अडकून होतं. तिची आई उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसे. बाहेरच्या पायपुसण्यावर उभी राहून बोले, जणू मीटर वाचायला आली आहे. "पुढच्या महिन्यात कोर्टातली ती समुपदेशक बाई हिच्याशी बोलणार आहे. एकटीशी. बारावं लागतंय म्हणून." काय बोलणार आहे? "इथे यायचं का, यायचं तर किती यायचं. तिला हवं तसं ठरेल." तू शिकवून ठेवशीलच, तो म्हणाला होता. "तेच म्हणत होते मी तिला. म्हटलं, बाबा हेच म्हणेल बघ." आणि दोघींनी एकमेकींकडे बघितलं होतं, अगदी पळभर, जशा एखाद्या नेहमीच्या बसच्या उशिराबद्दल दोन बायका बघतात. मग तिने त्याच्या हातात कपड्यांची पिशवी दिली, मुलीच्या हातात गेम दिला, आणि जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खाली खाली गेला. तो आवाज त्याला अजून ओळखू येत होता. डाव्या पायाचा किंचित जास्त.

तिला विचारणार. काय सांगणार ती? गेली दोन वर्षं ती एकाआड एक शनिवार-रविवार न चुकता आली होती. ताप असतानाही एकदा आली होती. आणि अलीकडे येताना दर वेळी काहीतरी बिघडलेलं घेऊन आली होती. या एका गोष्टीवर त्याची सगळी भिस्त होती. आधी कानात घालायच्या बोंडांची तुटलेली वायर, मग गजराचं घड्याळ, मग टॉर्च, शाळेचा कॅलक्युलेटर, आईचं केस वाळवायचं यंत्र, टेबलावरचा दिवा, आणि आता दोनदा हा गेम. त्या घरात सगळं होतं, लिफ्ट होती, गरम पाणी होतं, काका होता, पॉलिश केलेले बूट होते; पण वस्तू मोडली की ती बाबाकडे यायची. दुरुस्तीला बाबाच. रात्री पडल्या पडल्या तो या वस्तू मनाशी मोजत असे, दुसरी माणसं देवाचं नाव घेतात तशा.

जेवताना त्याने ठरवलं होतं की काही विचारायचं नाही. ताट वाढून झालं, पाणी ठेवून झालं, दोघं समोरासमोर बसली. हात रिकामे झाले की त्याला कसंतरीच व्हायचं. समोर मुलीचा चेहरा, त्यात अर्धी तिची आई, आणि त्या अर्ध्याला विचारायचं खूप काही.

"तुमच्याकडे बारीक पाने कोण वापरतं गं?"

"कुठले पाने?"

"मी वाढदिवसाला दिलेला तो संच."

"आईने कपाटात ठेवलाय."

"काकाला लागत असेल कधी."

"काकाकडे त्याचे असतात."

"बुधवारी होता का तो घरी?"

ती पाणी प्यायली. पेला पूर्ण रिकामा केला, मग खाली ठेवला. "बाबा, ते चार्जिंगच्या तोंडाचं बघितलंस का तू? तिथे सैल असेल तर? तू बघ ना ते आधी."

"जेवू दे की."

"माझं झालं. तू बघ ना. प्लीज."

किती हौस पोरीला, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि ताट तसंच सरकवून उठला. तो भिंगाखाली वाकला की खोली बदलायची. दिव्याचा पांढरा गोल, त्यात बोर्ड. बाकीचं सगळं अंधूक. आणि त्या अंधुकातून तिचा आवाज यायला लागायचा. न विचारता. चार्जिंगच्या तोंडाचे कथलाचे पाच डाग त्याने तापवून एकेक करून ताजे केले, धुराची बारीक रेघ दिव्याकडे गेली, आणि पाठीमागे ती सांगत होती की वर्गातल्या एका मुलाने पालीचं तुटलेलं शेपूट कंपासपेटीत ठेवलं होतं आणि ते वळवळत होतं; की गणिताच्या बाई शिंकताना डस्टर तोंडावर धरतात, म्हणून त्यांना सगळी पांढरी मांजर म्हणतात; की पोहायला जाते तिथे खोल बाजूला तिने हात सोडला, आणि सोडल्यावर कळलं की सोडता येतो. तो फक्त हं म्हणत होता. हं म्हणण्यापलीकडे काही करता येत नाही, कारण डाग देताना श्वाससुद्धा धरून ठेवावा लागतो. डाग झाले. बॅटरी बसवली, चार्जर लावला, बटण दाबलं. दिवा लागला आणि गेला.

रविवारी सकाळी त्याने बटण सोडवून तपासलं, चांगलं होतं. वीज वाटणाऱ्या काळ्या चौकोनी चिपचे पाय तपासले, चांगले होते. बॅटरी पुन्हा मोजली, पुन्हा मोजली, तिसऱ्यांदा मोजली, तेवढीच. एवढ्या चांगल्या गोष्टी एकत्र असून वस्तू मेलेली कशी, हे त्याला कळेना, आणि हे वाक्य मनात उमटल्यावर त्याला आपलं लग्न आठवलं, म्हणून त्याने उठून खिडकी उघडली. खाली गाड्या लावायच्या जागेत एक माणूस मुलाला सायकल शिकवत होता. सीट धरून धावत होता आणि ओरडत होता, मी धरलंय, मी धरलंय. धरलेलं नव्हतं. वरून स्पष्ट दिसत होतं.

दुपारी लाल प्रोब त्याच्या कोपराने खाली पडला. सुईसारखं टोक वाकलं. त्याने खालच्या ड्रॉवरमधून जुनी जोडी काढली, घासून घासून बोथट झालेली, आणि नवी जोडी बदलली की मीटरचं माप आधी एखाद्या ठाऊक गोष्टीवर ताडून बघायचं, या नोकरीतल्या शहाणपणाने ती बॅटरीच्या चकत्यांवर टेकवली.

शून्य.

त्याने दाबून धरली. शून्य. चकती पुसली. शून्य. वाकलेला प्रोब चिमट्याने सरळ करून तो लावला: तीन पूर्णांक ब्याण्णव. एकाच बॅटरीची दोन मापं. त्याच्या धंद्यात याहून वाईट दुसरं काही नसतं. त्याने बॅटरी भिंगाखाली आडवी धरली आणि उजेडात तिरपी केली, तेव्हा पहिल्या चकतीवरून एक वेगळी चमक सरकली. पितळेच्या रंगाची, पण पितळेची नाही. उष्णता सोसणारी, वीज अडवणारी पिवळट चिकटपट्टी होती ती, कांद्याच्या सालीसारखी पातळ, चकतीच्या मापाने तंतोतंत कापलेली. तिच्यावर टोचे होते पाच. एक शनिवारचा, तीन आज सकाळचे, एक आत्ताचा. पाचही त्याचेच. टोकदार प्रोब दर वेळी पट्टी भोसकून आत जात होता आणि सांगत होता की सगळं ठीक आहे.

पट्टीचा एक कोपरा दुमडून बॅटरीच्या लेबलाच्या कडेखाली सरकवलेला होता. शेपूट. पट्टी लावताना कोपरा दुमडून शेपूट ठेवायचं, म्हणजे पुढच्या वेळी नखाला लागतं आणि ओढली की निघते. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. प्रयोगशाळेतही बाकी कुणी करत नसे. ही त्याची स्वतःची रीत होती, आणि जगात ती त्याने एकाच माणसाला शिकवली होती.

दातवाला निर्दोष सुटला, याचंच त्याला आधी वाईट वाटलं. केवढा मोठा आधार गेला. मागच्या खेपेला जाताना ती म्हणाली होती, बाबा, ती पिवळी पट्टी देशील थोडी? कशाला? वहीच्या पुठ्ठ्याला. त्याने वीतभर काढून दिली होती, प्लास्टिकच्या पट्टीवर नीट गुंडाळून. आणि तो लाल ठिपका कशासाठी असतो ते त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. ती बहुतेक नक्षी समजली असेल.

मग बाकीच्या वस्तू आपोआप परत आल्या आणि ओळीने उभ्या राहिल्या. कानातल्या बोंडांची वायर दोन्ही बाजूंनी सारखी तुटली होती, कात्रीने तुटते तशी. घड्याळात सेल उलटा होता. किती वेंधळी गं तू, तो म्हणाला होता, आणि ती हसली होती. टॉर्चच्या स्प्रिंगखाली कागदाची गोळी. कॅलक्युलेटरच्या एका बटणाखाली डिंक. बटणाखालची साखर. आणि ही पट्टी. दर खेपेला काम बारीक होत गेलं होतं, शोधायला जास्त वेळ लागेल असं. घड्याळाला अर्धा तास पुरला होता, साखरेला एक अख्खी दुपार. याला दोन दिवस पुरले असते. पुरलेच होते. तो वाकलेला असायला हवा होता, बस्स. त्याचे हात गुंतलेले हवे होते. हात गुंतले की तोंड मिटायचं. बुधवारी कोण घरी होतं, आई फोनवर हसून कुणाशी बोलत होती, रविवारी तिघं कुठे गेलात, तिथे तू कुणाच्या बाजूला बसलीस. हे सगळं तो डाग देताना विचारत नसे. ही त्याची देवाच्या नावासारखी माळ; तिचा एकेक मणी त्या पोरीने त्याच्या तोंडात कोंबायचा बोळा म्हणून घडवला होता.

राग आला. चांगला सणसणीत आला. हे दाखवायचं तिला, असंच चिमट्यात धरून, आणि विचारायचं. या एका प्रश्नाचा तरी मला हक्क आहे. त्याने चिमटा शेपटाला लावला.

"सापडलं?"

ती दारात उभी होती. कधी आली ते कळलं नव्हतं.

त्याचं डोकं भिंगाखाली होतं. तिला फक्त त्याची पाठ दिसत असणार. "अजून नाही," तो म्हणाला.

ती पलंगाच्या कडेला बसल्याचा आवाज आला. पायाने पाय घासल्याचा आवाज आला. त्याने चिमटा शेपटावरून काढला आणि बोर्डावर आणला, जिथे काहीच करायचं नव्हतं. एका धड डागाला त्याने उगाच स्पर्श केला. मग दुसऱ्याला.

"बाबा, ती बाई विचारणार आहे मला."

"हं."

"आईने सांगितलं ना तुला?"

"हं."

"मी ठरवलंय काय सांगायचं." पाय घासणं थांबलं. "महिन्यातून एकदा. म्हणजे, आता दोनदा येते त्याऐवजी. चालेल ना?"

चिमट्याचं टोक भिंगाखाली केवढं तरी मोठं दिसत होतं, आणि त्याचा थरथराटही तेवढाच मोठा. त्याने मनगट टेबलाच्या कडेवर टेकवलं.

"चालेल ना, बाबा?"

"आता नको विचारू. हात हलतो."

"बरं." मग नेहमीच्या गप्पांच्या आवाजात, काहीशी हसत म्हणाली, "तसंही आमच्याकडे बिघडायचं आता काही उरलंच नाहीये."

तो हं म्हणाला. त्यानंतर तिने पोहण्याच्या शर्यतीबद्दल सांगितलं, एका मैत्रिणीच्या घरच्या कासवाबद्दल सांगितलं, ते हिवाळ्यात कपाटाखाली जातं आणि महिनोन् महिने बाहेर येत नाही आणि घरचे त्याला आहे असं धरून चालतात. तो बोर्डावर चिमटा फिरवत राहिला, या डागावरून त्या डागावर, आणि मध्येच एखादा कुंचला उचलून तिथे नसलेली धूळ झाडत राहिला. मान आखडली तरी त्याने ती वर केली नाही. ती जितकं बोलली तितकं त्या दोन वर्षांत कधी बोलली नव्हती.

मग घंटा वाजली. तिने जाऊन दार उघडलं.

"झालं का आवरून?" तिची आई पायपुसण्यावरून म्हणाली. आत वाकून बघत म्हणाली, "झाला का तो दुरुस्त?"

"नाही," तो म्हणाला.

"दोन दिवस?"

"दोष दिसत नाहीये."

"अरे देवा. मग ठेव इथेच. पुढच्या वेळी बघ."

"नको," मुलगी पटकन म्हणाली. "मी नेते. असू दे माझ्याकडे." आणि मग आईकडे न बघता, "काका म्हणाला होता, बघतो म्हणून."

काका काही म्हणाला नव्हता. त्याला हे आता मोजल्यासारखं माहीत होतं. घरी गेल्यावर ती कपाटातून बारीक पान्यांचा संच काढील, नखाने शेपूट ओढील, आणि रात्री जेवायच्या आधी गेम सुरू असेल. आणि काकाने केला असं सांगायची वेळ आली तर तसंही सांगील.

"पाच मिनिटं," तो म्हणाला. "झाकण लावून देतो."

ती येऊन टेबलाशी उभी राहिली, स्क्रूंचा ट्रे दोन्ही हातांत धरून. लाखेची बाटली दिव्याच्या पायाशी होती; ती त्याने उघडली नाही. त्याने बॅटरी उचलली. पट्टीचा कोपरा जरासा वर आला होता. तो अंगठ्याने दाबून त्याने पुन्हा लेबलाखाली सरकवला आणि बॅटरी जागेवर बसवली. बॅटरी जागेवर असताना तिच्या टोकांचं माप बोर्डाच्या मागच्या डागांवर घ्यावं लागतं. दोन दिवसांत त्याने ते एकदाही घेतलं नव्हतं, आणि प्रयोगशाळेत शिकाऊ पोरगासुद्धा ते आधी घेतो. त्याने बोर्ड किंचित उचलून धरला आणि प्रोब टेकवले. ती अगदी जवळ होती. तिच्या केसांना पुस्तकाचा वास येत होता.

"अजून काय करतोस?" दारातून तिच्या आईने विचारलं. तिच्या चपलेचा एकदा आवाज झाला.

"बॅटरी," तो म्हणाला, "तीन पूर्णांक ब्याण्णव."

"तीन पूर्णांक ब्याण्णव," मुलगी म्हणाली.

"बोर्डावर, शून्य."

तिने त्याच्याकडे पाहिलं. ट्रेमधले सात स्क्रू किंचित वाजले आणि थांबले.

"बोर्डावर, शून्य," ती म्हणाली.